हॅरिएटची अर्धी शाल

हॅरिएटला जाऊन तेवीस वर्षं झाली, तरी एस्थरने बहिणीचा माग जागचा हलवू दिला नव्हता. दूर उत्तरेत, चिल्कट नदीकाठच्या त्यांच्या घराण्याच्या घरात, खिडकीपासून दोन हात आत, तो तसाच उभा होता. वर आडवी दांडी, तिच्यावरून लोंबणारे शेकडो पांढरे उभे धागे, आणि वरच्या निम्म्या भागात विणून झालेली नाचाची शाल. काळी, पिवळी, निळसर हिरवी. तिच्यात डोमकावळ्याचे डोळे झाले होते, चोच झाली होती, पंख अर्धे झाले होते. पाय नव्हतेच. "पाय नाहीत म्हणून तर अजून घरात आहे," असं एस्थर म्हणायची आणि दर महिन्याला वरचं फडकं काढून, झटकून, कसर लागली नाही ना ते बघून पुन्हा घालायची.

तिला स्वतःला विणता येत नव्हतं. लहानपणी आईने दोघी बहिणींना एकाच दिवशी मागासमोर बसवलं होतं. हॅरिएटची बोटं आठवड्याभरात चालायला लागली. एस्थरचा सहा महिन्यांनी आईने नाद सोडला आणि तिला मासे कापायला पाठवलं. त्यात मात्र नदीच्या दोन्ही काठांवर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बहिणीचा तिने कधी हेवा केला नाही. सरळ रेघ काय, कुणीही विणेल. पण उभ्या-आडव्या धाग्यांतून गरगरीत गोल डोळा काढायचा, तोही नुसत्या बोटांनी? हॅरिएट तो काढायला बसली की एस्थर चुलीवरचं विसरायची.

जाताना हॅरिएट म्हणाली होती, "फार रडू नकोस, धाकटे. काम अर्धं टाकून जाणारी मी नाही. येईन परत."

यात जगावेगळं काही नव्हतं. तिथली माणसं असं सांगूनच जातात. पापपुण्याची भानगड तिथे नाही, स्वर्गाची घाईही नाही. गेलेलं माणूस आपल्याच माणसांत परत येतं, एवढं साधं. फक्त एक नियम आहे. गावात बाजू दोनच, कावळ्याची आणि गरुडाची. लग्न समोरच्या बाजूशी, आणि मूल नेहमी आईच्या बाजूचं. म्हणून परत येणारं माणूस आईच्या घराण्यातल्या बाईच्याच पोटी येतं. हॅरिएट कावळ्याची. ती कावळ्याच्याच घरात येणार.

पुढच्या दोनतीन वर्षांत घराण्यात तीन मुली जन्मल्या. तिघींनाही एस्थरने पाळीपाळीने मागासमोर नेलं. पहिली झोपली, दुसरी दूध ओकली, तिसरीने फडकं ओढून गळा काढला. "हॅरिएटचा स्वभाव यांच्यापेक्षा बरा होता," एस्थर म्हणाली आणि वाट बघत राहिली.

आणि मग एका शनिवारी, बोलावल्याशिवाय, व्हर्ना आली. चार वर्षांची. हॅरिएटचा मुलगा लेनर्ड, त्याची ही लेक. लेनर्ड कावळ्याचा खरा, पण बायको ग्लोरिया गरुडाची, म्हणजे पोरही गरुडाची. एस्थर मागावरचं फडकं झटकत होती. पोर दारातून सरळ आत आली, एस्थरच्या मनगटावर चापट मारली आणि म्हणाली, "धाकटे, हात धुतलेस का? माशाचा वास येतोय."

एस्थरला धाकटे म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

पुढे वर्षभर पोर काय काय बोलत राहिली. विलो झाडाखाली पुरलेलं भांडं, मेलेल्या कुत्र्याचं नाव, हॅरिएटच्या नवऱ्याचा लंगडा पाय. शेवटी ग्लोरियाने सामान बांधलं. "मावशी, मला माझी मुलगी हवीय," ती एस्थरला म्हणाली. "तुमची गेलेली बाई माझ्या घरात नको." एस्थरला ते पटलं. कुठल्याही आईला तसंच वाटेल. ग्लोरिया पोरीला घेऊन जूनोला, शहरात गेली, आणि तिथे पोर सगळं विसरली, असं कळलं. लेनर्ड सहा महिने बोटीवर, बाहेरच असायचा. त्याचं मत कुणी विचारलं नाही.

तो विषय पुन्हा निघाला तो पंधरा वर्षांनी, सॅमन मासे नदीत चढायच्या दिवसांत. एस्थरचा मोठा भाऊ विल्फ्रेड घराण्याचा प्रमुख होता, ब्याऐंशीचा. घराची लाकडी जमीन कुजली होती आणि हिवाळ्याआधी उखडायची होती. मासे धुरावर सुकवायच्या धुरीघरापाशी फळीवर बसून तो म्हणाला, "एस्थर, माग काढावा लागेल आता. शाल म्युझियमला देऊ. निदान काचेत तरी राहील."

"अर्धी?"

"अर्धीच. पुरी करणारं कोण राहिलंय?"

एस्थरने मासा पाठीतून उभा चिरला आणि काटा एका ओढीत काढला. शेजारी तिचा मुलगा मार्विन कापलेल्या फाकी काठीवर टाकत होता. जवळच्या हेन्स गावच्या शाळेत तो जीवशास्त्र शिकवायचा. सुट्टीत आईला मदत करायचा आणि मदतीपेक्षा जास्त बोलायचा.

"व्हर्ना आलीय गावात," तो म्हणाला. "आईसोबत. जूनोत कुणाकडे तरी विणकाम शिकत होती म्हणे. दीड महिन्यात त्या बाईने घरी पाठवलं."

"जमलं नसेल," विल्फ्रेड म्हणाला.

"उलट. बाई म्हणाली, माझ्याकडे काय शिकतेस, तूच मला शिकव."

एस्थरची सुरी थांबली.

"झालं सुरू," विल्फ्रेड म्हणाला. "एस्थर, ते मनातून काढ. ती पोर गरुडाची. गरुडाच्या घरट्यात कावळीचं पिल्लू कसं निघेल? हॅरिएट आयुष्यभर नियमाने वागली. मेल्यावर रस्ता चुकेल?"

"मामा, रस्त्याचा प्रश्नच नाही," मार्विनने काठी खाली ठेवली. वर्गात शिरताना करायचा तसा त्याचा चेहरा झाला. "कुणी कुठून येत नाही. ते रक्तात असतं. व्हर्ना हॅरिएट मावशीची सख्खी नात आहे. आजीच्या बोटांतलं बापाच्या वाटेने नातीच्या बोटांत उतरलं. उंदरांवर प्रयोग झालेत. उंदराला एक वास देऊन झटका देतात. मग त्याच्या पिल्लांना झटका न देताही त्या वासाची भीती वाटते. पूर्वजांची आठवण पेशींत उतरते."

"उंदीर शाल विणतात का?"

"मामा..."

"विचारतोय नुसतं. तुझं शिक्षण आहे, माझं नाही."

एस्थर हसली, पण तिच्या डोक्यात दोघांचं बोलणं बसलं. भावाच्या हिशेबाने व्हर्ना हॅरिएट असूच शकत नव्हती. मुलाच्या हिशेबाने हॅरिएट कुठेच नव्हती, नुसती तिची बोटं शिल्लक होती. दोन्ही ऐकायला नीट होतं, आणि दोन्हींत आपली बहीण काही तिला सापडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने व्हर्नाला बोलावणं पाठवलं. म्हणाली, माग काढायचा आहे, त्याआधी बघून जा.

व्हर्ना आली तेव्हा विल्फ्रेड आणि मार्विन घरातच होते. जमिनीच्या फळ्या मोजायचं निमित्त होतं. वीस वर्षांची, उंच, आईच्या वळणावर गेलेली मुलगी. हॅरिएट बुटकी होती. "आजी, मला इथलं काही आठवत नाही हं," ती आधीच म्हणाली. "आई सांगते मी लहानपणी काय काय बडबडायचे. आधीच सांगते, नंतर निराशा नको."

"बघ तर," एस्थर म्हणाली.

मुलीने फडकं काढलं आणि मागासमोर खाली बसली. हात लावला नाही. बराच वेळ नुसती बघत राहिली. मार्विनने दोनदा कॉफी केली. ऊन खिडकीतून सरकत सरकत शालीवर आलं आणि पुढे गेलं. मग तिने बोट उचललं आणि विणीच्या अगदी शेवटी, जिथून मोकळे धागे सुरू होतात, तिथे टेकवलं.

"या तीन ओळी माझ्या नाहीत," ती म्हणाली. थांबली. आणि मग मागे न बघता, सावकाश, जाड्या आवाजात म्हणाली, "कावळा बघणार नाही म्हटलं होतं मी, धाकटे. पण मला दिसतंय ना."

लगेच तिने तोंडावर हात ठेवला. "सॉरी. हे मी काय बोलले?"

एस्थर खुर्चीत बसली.  मार्विन पाणी घेऊन धावला. ते तिने प्यायलं नाही.

"दादा," ती विल्फ्रेडला म्हणाली, "तुला एक सांगायचं राहिलंय. तेवीस वर्षं राहिलंय."

आणि तिने सांगितलं. शेवटच्या हिवाळ्यात हॅरिएटच्या डोळ्यांवर जाळी आली होती, पण तिने ती कुणाला कळू दिली नाही. एके दुपारी घरात दोघीच असताना ती म्हणाली, धाकटे, मला आता धागा दिसत नाही, तू घाल. एस्थर नको नको म्हणाली. विणणारीने उपास करायचा असतो, वेगळं राहायचं असतं, आणि आपण तर सकाळीच सीलचं तेल खाऊन बसलोय. हॅरिएट म्हणाली, "घाल गं. पीळ उलटा पडला तरी चालेल. कावळा बघणार नाही." तशी एस्थरने तीन ओळी घातल्या. वाकड्या. दोघी हसून हसून दमल्या. नऊ दिवसांनी हॅरिएट गेली. घराण्याच्या शालीत आपण अपवित्र हात घातला म्हणून ती गेली, असं एस्थरला वाटलं, आणि ते तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. नवऱ्याजवळही नाही.

 विल्फ्रेडने मोजपट्टी गुंडाळली आणि खिशात घातली.

मार्विनला मात्र राहवलं नाही. "आई, ओळी वाकड्या आहेत हे कुणालाही दिसेल. तिची नजर तयार आहे. पेशींत..."

"मार्विन, तू हुशार आहेस," एस्थर म्हणाली. "मला एवढंच सांग. लेनर्ड जन्मला तेव्हा हॅरिएट बावीस वर्षांची होती. रक्तातून जे द्यायचं ते तिने तेव्हाच दिलं की नाही?"

"हो."

"आणि या ओळी मी घातल्या तेव्हा ती सत्तावन्नची. लेनर्ड तेव्हा पस्तिशीचा घोडा, समुद्रावर. नाळ तुटल्यावर पस्तीस वर्षांनी रक्त चिठ्ठ्या पाठवतं का बाबा?"

 मार्विन खुर्ची ओढून बसला. चांगला मास्तर होता तो. उत्तर नसलं की नाही म्हणायची त्याला लाज नव्हती. "नाही पाठवत," तो म्हणाला. "माझ्याकडे याचं उत्तर नाही."

"माझ्याकडेही नाही," विल्फ्रेड म्हणाला.  "पोर गरुडाचीच आहे. त्यात फरक नाही पडला. हॅरिएटच्या मागाला तिला हात कसा लावू देऊ? घराणं काय म्हणेल?"

व्हर्ना उठून उभी राहिली. "आजोबा, मी काही मागत नाहीये. मी जाते."

"बस तू," एस्थर म्हणाली. मग भावाकडे वळली. "दादा, आपलं हे घर कुणी बांधलं?"

"समोरच्यांनी. गरुडवाल्यांनी."

"दारातला खांब कुणी कोरला?"

"त्यांनीच."

"आपल्यातलं माणूस गेलं की कबर कोण खणतं? आपण खणतो?"

"आपली कबर आपण कशी खणू? समोरचे..." आणि विल्फ्रेड थांबला.

"म्हणजे घर, खांब, कबर, सगळं समोरच्यांच्या हातचं चालतं," एस्थर म्हणाली. "चालतं काय, तसंच व्हायला हवं. मग शाल समोरच्या बाजूच्या मुलीने विणली तर बिघडलं कुठे? तिच्यात हॅरिएट आहे की नाही, रक्त आहे की आणखी काय, ते आपल्याला ठरवायची गरजच नाही. नीट त्यांच्या दारात जाऊन हे काम माग. रीत आहे ती."

 आयुष्यभर सभेत विल्फ्रेड बोलायचा आणि एस्थर मागे मासे वाढायची.

"तुला सभेत बसवायला हवं होतं," तो म्हणाला.

"मग मासे कुणी कापले असते?"

त्याच दुपारी विल्फ्रेडने घराण्याची टोपी घातली, काठी घेतली आणि भर उन्हात गावाच्या दुसऱ्या टोकाला ग्लोरियाच्या दारात जाऊन उभा राहिला. बसायला सांगितलं तरी बसला नाही. असं मागणं उभ्यानेच मागायचं असतं. ग्लोरियाने सगळं ऐकून घेतलं. या बाईबद्दल एस्थरला त्या दिवसापासून फार आदर वाटू लागला. एकदा पोरीला वाचवायला गाव सोडलेली बाई. तिला नाही म्हणता आलं असतं आणि कुणी दोष दिला नसता.

"एक अट आहे," ग्लोरिया म्हणाली. "तिला कुणी हॅरिएट म्हणायचं नाही. काम करेल ती व्हर्ना."

"माझा शब्द," विल्फ्रेड म्हणाला.

माग एस्थरच्या घरी आला. पहिल्याच दिवशी व्हर्नाने हात धुतले, बाही वर केली आणि एस्थरला म्हणाली, "आजी, इकडे या. त्या तीन ओळी उसवायच्या."

एस्थरने त्या ओळींवर हात ठेवला. बहिणीसोबत हसलेली शेवटची दुपार होती ती. "राहू दे की गं. आठवण आहे."

"आठवण तुमच्याजवळ राहील. शाल सगळ्या घराण्याची आहे, ती वाकडी कशी राहील?" मुलगी शांतपणे म्हणाली. "आणि मी नाही उसवणार. तुम्ही उसवा. आणि तुम्हीच परत घाला. उपास करून."

शहात्तर वर्षांच्या बाईने मग वीस वर्षांच्या मुलीच्या हाताखाली तीन ओळी घातल्या. अकरा दिवस लागले. "सैल. पुन्हा." "पीळ बघा, आजी, मासा नाहीये तो." "पुन्हा." एस्थर चिडली, शिव्या दिल्या, एकदा रडलीही. बाराव्या दिवशी व्हर्नाने ओळींवरून बोट फिरवलं आणि पुढे विणायला बसली.  त्यातच सगळं आलं. तेवीस वर्षांचं ओझं कधी उतरलं ते एस्थरला कळलंसुद्धा नाही. त्या संध्याकाळी तिला भूक लागली एवढंच तिला आठवतं.

पुढे तेरा महिने ती रोज बघत बसायची. देवदाराची साल आणि लोकर मांडीवर एकत्र वळून व्हर्ना झालरीसाठी धागा करायची, तेव्हा मांडी लालबुंद व्हायची. शालीच्या मध्याखाली, पंखाच्या नक्षीत, आणखी एक गोल डोळा उतरत होता. तो काढताना मुलगी श्वाससुद्धा हळू घ्यायची. मार्विन शुक्रवारी यायचा, वही काढायचा, एकदोन प्रश्न विचारायचा आणि मग वही मांडीवर तशीच राहायची. "मी पंचवीस वर्षं पेशी शिकवतोय," तो एकदा आईला म्हणाला. "हे बघताना काही शिकवावंसं वाटत नाही."

कावळ्याला पाय आले. झालर आली. घराला नवी जमीन बसली आणि ऑक्टोबरमध्ये विल्फ्रेडने मेजवानी ठेवली. समोरची बाजू मानाने भिंतीकडे बसली होती, त्यात ग्लोरिया आणि व्हर्ना पहिल्या रांगेत. ढोल सुरू झाला आणि विल्फ्रेड शाल पांघरून आला. ज्याला घरातून चुलीपर्यंत जाताना काठी लागायची, तो खांद्यांतून असा हलला की झालर एका बाजूने उसळून दुसऱ्या बाजूला गेली आणि कावळ्याचे पंख खरंच उघडले. समोरून गरुडवाले ओरडले. एस्थरने वाढायचं पातेलं खाली ठेवलं. सगळं पातेलं निवून गेलं, तिला पत्ता नव्हता.

मग देणं झालं. समोरच्यांपैकी सगळ्यात आधी व्हर्नाला. ब्लँकेटं, सुके मासे, तेलाच्या बरण्या, तिला उचलवेनात इतक्या. हॅरिएटचं जुनं नाव त्याच दिवशी घराण्यातल्या दोन महिन्यांच्या मुलीला दिलं. रीतीने ते कावळ्याच्याच मुलीला जायचं होतं. बाळाला सगळ्यांत आधी व्हर्नाने मांडीवर घेतलं.

लेनर्ड पहिल्यांदाच वेळेवर बोटीवरून आला होता. त्याने एस्थरला हळूच विचारलं, "मावशी, मग आई कुठेय? तिकडे की इकडे?"

"दोन्हीकडे जेवतेय," एस्थर म्हणाली. "तुझ्या आईला भूक जास्तच होती."

विल्फ्रेड पुढच्या वसंतात गेला, नदीत बारीक तेलमासे आले त्या आठवड्यात. त्याची कबर रीतीप्रमाणे समोरच्यांनी खणली.

व्हर्नाला मग इतर घराण्यांकडून बोलावणी आली. तिने ती थांबवली आणि आधी आईच्या घराण्यासाठी एक शाल मागावर चढवली. तिच्यात त्या घराण्याचं चिन्ह, देवमासा, होता. हॅरिएटने जन्मात देवमासा विणला नव्हता, तिच्या बोटांना तो ठाऊकच नव्हता, आणि एस्थरच्या लक्षात आलं की व्हर्नाच्या बोटांनाही तो ठाऊक नाही. शेपटीची वळणं चुकत होती. मुलगी जूनोला फोन करून विचारायची, कागदावर काढायची, चिडून उठून दाराबाहेर जायची, आणि परत येऊन बसायची.

एके सकाळी एस्थर चहा घेऊन गेली तेव्हा शेपटी चौथ्यांदा उसवलेली होती आणि व्हर्ना दात आवळून, केस विस्कटलेले, पाचव्यांदा सुरुवात करत होती.

"यातलं काही आधी येत होतं का गं तुला?" एस्थरने विचारलं.

"एक धागासुद्धा नाही!" व्हर्ना म्हणाली. "सगळं माझं मीच चुकतेय, आजी. चहा तिथे ठेवा. आणि बघत बसू नका."

एस्थरने चहा ठेवला. बघत मात्र बसली.